सत्तरच्या आसपास

काटा सत्तरच्या आसपास असावा, लुबोर म्हणायचा.
साठाच्या खाली गेला की बूच आक्रसतं,
ऐंशीच्या वर गेला की भिंतींना घाम सुटतो.
पितळी काटा, ब्रनोच्या जुन्या बाजारातला.
नखाने टकटक करून मगच वाचायचा तो,
कुणाच्या दारावर थाप मारून आत जावं तसा.

मी यंदा सत्तरची झाले.
काटा शहाऐंशीवर आहे.

दोष काँक्रीटचा. वाढदिवसाची भेट म्हणून
रादिमने तळघरात कोबा घातला,
आई घसरू नये म्हणून. पोरगं गुणाचं.
बारा पोती सिमेंट, दोन मित्र, एक शनिवार.
त्याखाली लुबोरने पसरलेली नदीतली खडी होती.
ती ओल पिऊन ठेवायची, कोरड्या दिवसांत परत द्यायची,
देणंघेणं चोख.
आता ओल दाबली गेली,
आणि दाबलेलं कुठून तरी वर येतंच,
हे मी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात कधीच शिकले होते.

नवव्या आठवड्यात लेबलं फुलली.
आधी पांढरा ठिपका, मग राखाडी कापूस,
मग केकवर भुरभुरवतो तशी काळी खसखस.

बुरशीशी माझं तसं वाकडं नाही.
भिंतीवरची काळी मखमल लुबोरच्या आजोबांच्या वेळची,
बोट लावलं तर मऊ, वास कसलाच नाही,
पाहुण्यांना मेणबत्ती धरून दाखवायची चीज.
पण ही नवी भुकेली आहे.
डिंक खाते. कागद खाते.
लुबोरचं अक्षर खाते.
एका बाटलीवर त्याने लिहिलं होतं,
'गारा पडल्या. थोडीच झाली. जपून.'
त्यातलं फक्त 'थोडीच' उरलंय.

रादिम क्लोरीनचा फवारा घेऊन आला.
जिन्यातच अडवला मी त्याला.
बाबा रे, हे बुचापर्यंत पोचलं
तर दहा वर्षांनी कुणीतरी बाटली उघडेल,
ओल्या पुठ्ठ्याचा वास येईल,
आणि नाव तुझ्या बापाचं जाईल.

मग झरोका तरी उघडू?
जूनमध्ये?
बाहेरची ऊबदार हवा आत आली
की थंड भिंतीच्या गळ्यात पडून रडते.
झरोका उघडायचा जानेवारीत, रात्री,
अंगणातलं पाणी काचेसारखं वाजतं तेव्हा.
तोवर बोळा कोंबून ठेव.

स्लिवोवित्सात फडकं बुडवून
एकशे चाळीस बाटल्या पुसल्या.
शेजारची बोझेना म्हणाली, एवढी चांगली दारू बाटलीच्या बाहेरून?
आतूनही घेतली थोडी, म्हटलं, हात थरथरू नये म्हणून.

आणि मंगळवारी छिन्नी घेतली.
कोपऱ्यातून सुरुवात केली, पिंपामागून, जिथे दिसणार नाही.
तळहाताएवढं भोक पडायला सकाळ गेली.
खाली खडी होती. ओली, गार, जिवंत.
मी तिथेच बसून राहिले थोडा वेळ.

रविवारी रादिमने पाहिलं.
काही बोलला नाही. बापासारखाच आहे,
राग आला की आधी बाह्या दुमडतो.
मग माझ्या हातातला हातोडा काढून घेतला
आणि संध्याकाळपर्यंत
स्वतःचा शनिवार फोडत राहिला.

ज्यांची ओळख पुसली गेली त्या बावीस बाटल्या
वेगळ्या फळीवर ठेवल्या, आडव्या.
प्रत्येकीच्या गळ्यात सुतळी, सुतळीला चिठ्ठी,
या वेळी पेन्सिलने, शाई पसरते म्हणून.
लिहिलं, 'लुबोरची. वर्ष चाखल्यावर.'
एक चाखली. वर्ष कळलं नाही.
गारांचं नव्हतं एवढं नक्की.

आता रादिम रोज रात्री फोन करतो.
काटा किती?
अठ्ठ्याहत्तर.
आणि गुडघा?
त्याला काटा नाही, म्हणते मी.

शनिवारी जिन्याला कठडा बसवायला येतोय.
लाकडाचाच आण म्हणून बजावलंय,
अकेशियाचा. आणि रंग नको,
लाकडालाही श्वास लागतो.