टाके ओले करू नका

घाट उतरताना एस्टीच्या हिसक्यांनी
पिशवीतल्या रोपाची बहुतेक पानं झडली.
जतच्या गच्चीवरचं, डालड्याच्या डब्यातलं रोप,
आठवड्यातून एकदा येणाऱ्या टँकरवर वाढलेलं,
तेही भांडी विसळून उरलं तर.
आम्ही त्याला दगडी गुलाब म्हणायचो.
आचऱ्याला उतरले तेव्हा पिशवीच्या तळाशी
चाळीस पानं. मी मोजली.
नोंद ठेवायची सवय आहे, नोकरीच तशी.

पान बुडापासून सुटावं लागतं, सबंध.
पोराचा दुधाचा दात काढतात तसं,
जरा इकडे, जरा तिकडे, आणि अलगद.
अर्धवट तुटलेलं नुसतंच सुकतं. तशी नऊ निघाली.
सबंध सुटलेल्याच्या टोकाला एक ओला ठिपका असतो,
तीळभर.
त्याला आधी वारा द्यायचा.
माती नाही. पाणी तर नाहीच.

इथे वारा कसला, ओला टॉवेलच
सकाळ-संध्याकाळ तोंडावरून फिरतो.
मिठाच्या बरणीला पाझर, काडेपेटीला घाम,
दवाखान्यातल्या कपाटाची बिजागरी तीन महिन्यांत तांबडी.
पानं मी फ्रिजच्या डोक्यावर पसरली
लसीकरणाच्या जुन्या तक्त्यावर,
एकमेकांना न शिवता.

मी ड्यूटीवर, खोलीची किल्ली रोझारीन मावशीकडे.
"अगो, तानेली आसतली म्हणान घातलंय वायच पाणी."
दोन दिवसांत अकरा पानं काचेसारखी झाली,
बोट लावलं की आतून फुटणारी.
तिला काय सांगू?
तिच्या अंगणात कपडे वाळत घालायची काठी रोवली
तर तिलाही पालवी आली होती.

लवू कुबल आला तो मंगळवारी.
बर्फ फोडताना सुरा घसरला,
अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत. पाच टाके.
मी रोजचं वाक्य म्हटलं, टाके ओले करू नका.
तो हसला नाही.
"सिस्टर, दर्यात जावन हात सुको ठेवचो कसो?"
मला उत्तर आलं नाही.
पट्टीचा आणखी एक वेढा घातला, इतकंच.

वाळू खाडीवरून आणली, तीन पाण्यांनी धुतली,
चौथ्यांदा जिभेवर ठेवून पाहिली.
जांभ्याचा चुरा चिरेखाणीतून, भाताचं तूस गिरणीतून,
आणि बांगड्याचा थर्माकोलचा खोका,
जो कितीही घासला तरी बांगड्याचाच राहिला.

अठराव्या दिवशी गुलाबी दोरे. केसाएवढे,
हवेत लोंबकळणारे,
मातीला अजून टेकलेलेसुद्धा नाहीत.
बदलीचा अर्ज त्याच आठवड्यात भरायचा होता.
'मूळ गाव' या रकान्याशी पेन थांबलं.
मी उठून चहा केला.
अर्ज अजून ड्रॉवरमध्ये आहे.

लवू टाके काढायला आला
तर पट्टीवर दुधाची पिशवी,
तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा करकचून पट्टा.
"गेला होतास ना?" म्हटलं.
तो छताच्या पंख्याकडे बघत राहिला.
जखम मिटली होती. नवी कातडी,
पावडर लावल्यासारखी, गुलाबी.

खिडकीतला खोका दिसल्यावर वाकला.
"ह्यां काय?"
एक पान उचलून त्याच्या त्याच तळहातावर ठेवलं.
बुडाशी मोहरीएवढी चार पानं, एकमेकांत दाटलेली,
आणि मागे थोरलं पान, सुरकुतलेलं,
कागद व्हायला आलेलं.
"ह्यां सुकलेलां काढून टाकू?"
नको म्हटलं. त्याच्यातलं पाणी अजून संपलेलं नाही.
संपलं की आपणच गळेल.
त्याने हात असा धरला होता
की पलीकडच्या बाकावरचं रडणारं पोरही गप्प झालं.

तर नोंद अशी: चाळीसपैकी सात.
एक लवूने नेलं, माशांच्या डब्यातून.
एक रोझारीन मावशीला दिलं,
तेव्हापासून ती रोज संध्याकाळी कुंपणापाशी येते
तांब्या हातात घेऊनच.
"आता घालू गो पाणी?"
उद्या, मी म्हणते.
रोज उद्याच म्हणते.