बावीस सदरे

आमच्या घराण्यानं लढाई पाहिली नाही.
कपडे पाहिले.

बोक द व्हाकच्या झरीवर
खापरपणज्यानं म्हणे चिलखताखालचा सदरा धुतला,
गंजाचे डाग लिंबाला दाद देईनात.
मग आली लोकर, निळी, जाड,
आमच्या उन्हात वाट चुकलेली.
पुढे तिकडे लिस्बनला राजा गेला;
इथे फक्त बटणांवरचा मुकुट.
मजुरी तीच.

नखाएवढा देश, मास्तर नकाशावर दाखवायचा.
पण धुणं काही सरत नसे.

माझ्या हाती खाकी.
खिशात आईची भिजकी पत्रं,
एकदा मोझांबिकच्या पोराचा शिंपल्याचा ताईत.
सुकवून परत दिला. तो हसला,
आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम
पुन्हा खिशात विसरला.

एकसष्टचा डिसेंबर.
बावीस सदरे दोरीवर होते
तेव्हा बाणस्तारीचा पूल उडाला.
पाखले गेले, कुंपणाआड, मग बोटीवर.
न्यायला कोणी आलं नाही.

सून म्हणते, वाटून टाका.
कुणाला? प्रत्येकाचा गळा वेगळा.

दर दसऱ्याला इस्त्री फिरवतो.
वहीत अजून उधारी आहे:
कार्वाल्यु, तीन इश्कूद.
कॉलरला कांजी कमी, असं त्यानंच सांगितलेलं.