दिवे घालवण्याचं काम

आई म्हणायची, शिकून काय दिवे लावणार आहेस?
आई, मी दिवे घालवते.
बांबोळीच्या इस्पितळात, तिसऱ्या थिएटरात,
डॉक्टर नागवेकर मान न वळवता म्हणतात, "सुलक्षा,"
आणि मी भिंतीपाशी जाऊन
आधी छतावरचे, मग टेबलावरचे मोठे दोन,
शेवटी माझ्याच ट्रॉलीवरचा लहानगा
घालवते.

आज टेबलावर रुझार आहे, चोडणचा.
त्याच्याकडे मानस आहे. मानस म्हणजे मन नव्हे,
खाजनाच्या बांधातला लाकडी दरवाजा,
भरतीला आपोआप मिटणारा, ओहोटीला उघडणारा.
काळोख्या राती तो त्याच्या तोंडाशी जाळं लावतो,
वर कंदील टांगतो,
आणि सुंगटं उजेडाला भुलून येतात.

परवा, सुई टोचण्याआधी, मी कागदावरचं विचारलं:
आयोडीन सोसतं? सुंगटं खाऊन अंगावर पित्त उठतं?
तो इतका हसला की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा जागा झाला.
"गो बाय, सुंगटांनीच वाढवलंय मला.
उठायचं तर केव्हाच उठलं असतं."
मग त्याने सिरिंजमधला रंग पाहिला, गडद हिरवा,
मानशीच्या खालच्या फळीला धरलेल्या शेवाळासारखा.
"हे कुठे जातं?"
पित्तात, म्हटलं. काळीज उचलतं, पित्तात सोडतं,
एका दिवसात वाट रिकामी.
"आणि नाही सोडलं तर?"
मी पट्टी चिकटवली.

काळीज म्हणतात ते हेच.
उगाच हृदयाला दिलं आपण ते नाव,
तुटायला, चरकायला, कुणाला तरी काढून द्यायला.
खरं काळीज उजव्या फासळ्यांखाली, तपकिरी, ओलं, जड,
जन्मभर राबून कुणाला न सांगणारं.
रुझारच्या आतड्यातली गाठ गेल्या वर्षी काढली.
तिची पिल्लं इथे येऊन बसलीत.
स्कॅनवर तीन.
मोठ्या दिव्यांखाली मात्र
सगळं एकसारखं.

"सुलक्षा."

काळोख.
कॅमेऱ्याचा उजेड डोळ्यांना दिसत नाही,
पडद्यावर उगवतं तेच काय ते.
एक कंकण, हिरवं.
दुसरं, एका बाजूने चेपलेलं.
तिसरं.
आणि अगदी काठाशी
राईएवढं चौथं, जे कुणाच्याच यादीत नव्हतं.
कुणी बोलत नाही. मार्गारिदाबाईंचं भुलीचं यंत्र
तेवढं मोजत राहतं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, गाठ पेटते.
डॉक्टर म्हणाले, नीट बघ, कंकणाच्या आत काळोख आहे.
ही गाठ काही उजळत नाही.
उजळतं ते तिच्या भोवतीचं चांगलं काळीज,
दाबलं गेलेलं,
घेतलेलं सोडता न आलेलं.
त्या संध्याकाळी घरी मी घासलेलीच भांडी
पुन्हा घासत होते.

हा उजेड जेमतेम सेंटिमीटरभर खोल जातो.
त्याखालचं त्याला ठाऊक नाही.
कधी निरुपद्रवी पुटकुळीही लुकलुकते,
आणि आपण तिच्यामागे धावतो.
म्हणून डॉक्टर काळोखातच बोटं टेकवतात,
चिखलात हात घालून खेकडा चाचपावा तशी,
मग सोनोग्राफी,
मग पुन्हा बोटं.
"दिवे."
लावणंही माझ्याकडेच असतं, आई, ते सांगायचं राहिलं.

चौथी गाठ वाटीत पडली
तेव्हा पांढऱ्या उजेडात नुसता फिकट दाणा होती,
कुणी पानातून बाजूला काढून ठेवावा असा.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात गेले.
"किती सापडली?"
चार.
"स्कॅनवाला तीन म्हणाला होता."
एक उजेडाला भुलून आलं.
त्याला हसायचं होतं, पण टाके होते.
पोटावर तळहात ठेवून तो बराच वेळ गप्प राहिला.
"बारीक होतं?"
बारीक.
"बारीकच जाळ्यातून निसटतं," म्हणाला.
मी काही म्हटलं नाही.

निघताना त्याने छताकडे बोट केलं.
"तो घालव गो. डोळ्यांवर येतो."
तो दिवा माझा नव्हता, वॉर्डाचा होता.
तरी घालवला.