नाव घालून मिळेल

भांडी बाजारात, उताराच्या कोपऱ्यावर
माझी एक खुर्ची, एक मशीन आणि पत्र्याची पाटी:
'नाव घालून मिळेल. अक्षरी दोन रुपये.
काना, मात्रा, वेलांटी फुकट.'

पूर आला की खुर्ची माडीवर जाते,
पाणी दुतोंड्याच्या छातीला लागलं की मशीनही.
बाकी एकतीस वर्षं इथेच.
लग्नाचे हंडे, वास्तुशांतीची ताटं,
कुणाच्या स्मरणार्थ देवळाला दिलेली समई.
मजकूर ठरलेला: चि., कु., सौ., कै.
माणूस ह्यातल्या एका खणात बसतोच,
असं मी धरून चाललो होतो.

चैत्रातल्या भर दुपारी
खैरनारबाई आल्या, नोट प्रेसमधून रिटायर झालेल्या.
पिशवीतून पितळेची वाटी काढली.
अक्षरं माझीच, बावीस वर्षांपूर्वीची:
'कु.', पुढे एक नाव, 'हिच्या बारशानिमित्त,
आत्याकडून.'
ते नाव मी इथे सांगणार नाही.
ज्याचं होतं त्याला ते नकोय.

"ह्यावर निहार घाला. चि. निहार."
"बाई, पण ही तर मुलीची..."
"मुलगा आहे. बाहेर गाडी लावतोय."

मी मान वळवली. रसवंतीपाशी
एक पोरगा स्कूटर स्टँडला लावत होता.
कोवळी मिशी, इस्त्रीचा शर्ट.
दुसऱ्यांदा लावावी लागली. उतार आहे ना.

"पितळेवरचं खोडता येत नाही," मी म्हटलं,
"घासलं तर खड्डा पडतो."
बाई हसल्या नाहीत.
"तेहतीस वर्षं काढली मी प्रेसमध्ये.
छपाई चुकली तर चूक छापणाऱ्याची,
कागदाची नव्हे.
तेव्हा कानात कुर्र मीच केलं होतं,
त्याला न विचारता. विचारणार तरी कसं?
आता विचारून ठेवतेय."

मग मी घासलं नाही.
जुन्या अक्षरांवरून वेल काढली,
पहिल्या वेलांटीला धरून सुरुवात केली
आणि पानांत पानं घालत
'आत्याकडून'पाशी थांबलो.
तो शब्द राहू दिला.

पोरगा आत आला, पायरीवरच उभा राहिला.
"ये, बस. कुठे शिकतेस?"
तोंडातून गेलं.
"शिकतोस," मी म्हटलं लगेच,
सांडलेला चहा पुसावा तसं,
आणि पुढचं बोलू लागलो.
"शिकत नाही. सातपूरला लेथवर आहे," तो म्हणाला.
मग वाकून पाहिलं त्यानं:
"काका, सुई बोथट झालीये तुमची."

आठ रुपये झाले. बाईंनी दहा पुढे केले,
वेलीचे म्हणून.
मी दोन परत दिले.
पाटीवर लिहिलंय ना.

ते गेल्यावर समोरचा स्टोव्हवाला सदाफळ ओरडला,
"काय हो, बाई होती का बुवा?"
अशा वेळी मी हसायचो.
गेल्या महिन्यापर्यंत हसलोय,
खोटं कशाला बोलू?
"गिऱ्हाईक होतं," मी म्हटलं. "निहार नाव त्याचं."
सदाफळ पिना शोधत राहिला.
त्यानंतर दोन दिवस चहा माझा मलाच आणावा लागला.

आता कुणी भांडं ठेवलं की
'चि. का कु.' असं आधी तोंड घालत नाही.
विचारतो, "काय घालू?" आणि गप्प बसतो.
परवा दोघी आल्या, नवा कुकर घेऊन, पंचवटीतून.
"दोन नावं. मध्ये 'व'."
सवयीनं हात 'श्री.'कडे गेला होता, तो आणला मागे.
'व'चे दोन रुपये लावले.

आणि हो, शनिवारी निहार आला होता,
पाळी सुटल्यावर, हाताला कूलंटचा वास.
खिशातून कागदाची पुडी काढली.
आत सुई, टोक लावलेली.
पैसे विचारले तर म्हणाला, राहू द्या.

बरी चालते.
'र'च्या शेपटीला आधी अडायची,
आता अडत नाही.