पावसाची मोड

मैनोद्दीन बोअरच्या गाडीवर होता.
उदगीरहून निघाला तो तीन विमानं, एक ट्रक करत
मौन नावाच्या गावाला पोचला.
(गावाचं नावच मौन. मी नकाशात बघितलं, आहे.)
साडेतीन वर्षांनी परत आला तेव्हा
चौबाऱ्याजवळच्या हॉटेलात बशीत चहा ओतून
बशीशेजारी त्यानं एक नाणं ठेवलं.
"बाई, ह्याला पुला म्हणतात.
पुला म्हणजे पाऊस."

बावीस वर्षं मी भूगोल शिकवते.
बोत्सवाना : राजधानी गॅबोरोन, वाळवंट कलाहारी,
खनिज हिरे, गुण दोन.
पावसाचं नाणं पाडणारा देश
माझ्या एकाही टाचणवहीत नव्हता.
"काय सांगलालास?" मी म्हणाले.

तिथं खडकच लागत नाही म्हणे.
आपल्याकडं हात-दीड हातावर काळा दगड आडवा येतो,
तिथं वाळू, वाळूखाली वाळू.
केसिंग सोडत जायचं, अल्लाचं नाव घेत जायचं.
पाणाड्या नाही, तळहातावर उभा राहणारा नारळ नाही.
रात्री कॉम्प्रेसर थांबला की हत्ती यायचे.
एका हत्तिणीनं रिगच्या पाइपाला सोंड लावली,
डॉक्टर नळी लावतो तशी,
थोडा वेळ ऐकलं
आणि पोराला घेऊन निघून गेली.
"तो बोअर कोरडा गेला, बाई.
तिला आधीच कळलं होतं."

आणि नदी?
ओकावांगो समुद्राकडं जातच नाही.
दुसऱ्याच मुलखात जानेवारीत पडलेलं पाणी
पायी निघतं, गवतातून, लव्हाळ्यातून,
आणि ऐन कोरड्या दिवसांत, आभाळात ढग नसताना,
मौनच्या पुलाखाली पोचतं.
लोक काठावर उभे राहून बघतात,
पाहुणा उशिरा आला म्हणून कुणी रागवत नाही.
मग वाळू ते पिऊन टाकते.
अख्खी नदी.

सातवी ब च्या वर्गात मी नाणं फिरवलं.
एका बाजूला झेब्रा. शंभर थेबे म्हणजे एक पुला,
थेबे म्हणजे ढाल.
तिथं भाषण संपलं की लोक "पुला!" असं ओरडतात.
शहामृगाच्या अंड्यात पाणी भरून
वाळूत पुरून ठेवायचे तिथले जुने शिकारी,
आणि जागा लक्षात ठेवायचे.
मग पुस्तकात नसलेलंही सांगून टाकलं :
इंग्रज त्या देशाचा कारभार
देशाच्या हद्दीबाहेरच्या गावातून बघायचे.
पोरं हसली. मी नाही हसले.
माझ्या आज्याचा जिल्हा बीदर,
राजा हैदराबादेत,
कनवटीला चारमिनारचा हाली रुपया,
जो पुढं कुठल्याच दुकानात चालेना.
आम्ही सप्टेंबरात सुटलो. तेही सप्टेंबरातच,
अठरा वर्षांनी.

मागच्या बाकावरून दैवशाला उठली.
"बाई, मग तिथं उधार काय मागतात?
पाऊस?"
"हो."
"आन् फेडायचा कसा?"

वर्गात पंखा नुसता लटकलेला.
मला उत्तर आलं नाही, म्हणून मी
फळ्यावर कर्कवृत्त काढलं, मग पुसलं,
त्यांच्याकडचं ते मकरवृत्त.

त्रेचाळीस तळव्यांतून फिरून नाणं माझ्याकडं आलं
तेव्हा ओलं होतं.

संध्याकाळी मैनोद्दीनचा फोन, जळकोटकडून.
मागं इंजिनाची घरघर, माणसांचा कालवा.
"सातशे फूट गेलाव बाई. नुसता फुफाटा.
मालक म्हणतोय आजून शंभर."
मग जरा थांबून,
"हत्ती असता तर पैसे वाचले असते त्याचे."
नाणं परत कधी देऊ, विचारलं मी.
"राहू द्या तुमच्याकडंच.
इथं कोण मोड देतंय त्याची?"