चोविसावी चाल

वसमतचा मोंढा बंद झाला की
माझ्या मेडिकलच्या मागं, खोक्यांच्या खोलीत
आम्ही पट मांडतो.
केरबा मापाडी हात धुऊन येतो,
तरी नखांतली हळद पांढऱ्या उंटाला लागतेच.
सहा वर्षांत तो उंट पिवळा झालाय.
आम्ही अजून त्याला पांढराच म्हणतो.

डाव आमचा नसतो.
दूर कुठल्या थंड गावात
काचेच्या भिंतीमागं दोन उस्ताद खेळलेले असतात.
ढगे मॅडम मोबाइलवरून चाली वाचतात,
मी बिलबुकात उतरवतो,
गोळ्यांची नावं लिहावीत तसा, अर्थ न बघता.
मग पान दुमडायचं, मोबाइल पालथा.
मागची चाल कळल्याशिवाय
पुढची कुणी उघडायची नाही.

चोविसाव्या चालीला पांढऱ्यानं
जी-तीनवरचा, चांगला नांदता घोडा
एच-एकला नेला.
कोपऱ्यात.
जिथं हत्तीसुद्धा नाइलाजानं राहतो.

"कामून?" केरबा म्हणाला.
अकरा दिवस आमच्याकडं तेवढाच शब्द होता.

वाजिदभाई दिवसभर लोकांचे नंबर काढतात,
ही अक्षरं दिसतात का, आता दिसतात का.
म्हणाले, "उनो कुछ तो बी देखे रहेंगे."
मॅडमनी फरशीवर खडूनं बाण काढले,
दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोनं ते पुसले,
तिसऱ्या दिवशी पुन्हा काढले.
मी म्हणालो, दमला असेल उस्ताद.
कुणी माझ्याकडं बघितलंही नाही.

नवव्या रात्री लाइट गेली
आणि अंधारात केरबाला दिसलं.
"पोतं थप्पीवर टाकायचं असलं
तर आधी दोन पावलं मागं यावं लागतंय.
पाठीला जागा पाहिजे."
त्यानं चाचपडत घोडा उचलला:
एच-एक, एफ-दोन, जी-चार,
आणि सत्ताविसाव्याला
एच-सहाचं प्यादं मारून शह.
टॉर्चच्या उजेडात काळा राजा
एवढासा दिसत होता.
दोन रात्री आम्ही त्याला पळवून बघितलं.
सुटेना.

मग पान उघडलं.
पंचवीस: घोडा ई-तीन.

कोपऱ्यातून ई-तीन?
अडीच घरांत बसेना, कसंही मोजा.
मॅडमनी मोबाइल सुलटा केला.
उस्तादानं घोडा एफ-एकला नेला होता.
एफ.
माझा एफ पोटात फुगतो, त्याचा एच होतो.
तीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचलं,
एक गोळी चुकली नाही,
आणि स्वतःचंच वाचता आलं नाही.

साधी चाल. आमच्या गल्लीतलं पोरगंही खेळेल.
एकेचाळिसाव्याला डाव बरोबरीत सुटला,
हात मिळवून गेले दोघं जेवायला.

वाजिदभाईंनी चष्मा पुसला, घातला,
पुन्हा काढला.
"तो फिर ये चाल किसकी है?"

मॅडमनी ती मशीनला विचारली.
मोबाइल तापला, हातात धरवेना.
मग आकडा आला: उणे दोन.
एच-सहाचं तेच प्यादं एक घर पुढं सरकतं,
जी-चार बंद होतं, संपलं.
अकरा दिवसांत ते प्यादं
आमच्यापैकी कुणालाच हललेलं दिसलं नव्हतं.

केरबा उठला, चप्पल घातली.
"मशीननं कडता कापला," म्हणाला,
आणि शटरपाशी जाऊन परत आला.
"घोडा तिथंच राहू द्या."

बिलबुकातली चूक मी खोडली नाही.
कार्बनही काढायचा राहिला,
चाली खालच्या पानावर उमटल्या होत्या.
सकाळी घाईत तेच पान फाडलं,
खोकल्याच्या औषधाचं बिल केलं.
म्हातारा बराच वेळ
निळसर एच-एककडं बघत राहिला.
म्हणाला, हे जेवायच्या आधी घ्यायचं,
का नंतर?