दहा लाखांत वीस

तिच्या छातीत आवाज होता
आधण येण्याआधीच्या पाण्याचा.
एदित. वय अकरा. जन्म इथलाच, सेरो दे पास्कोचा,
समुद्रापासून चार हजार तीनशे मीटर वर.
दोन महिने लिमाला मावशीकडे राहिली,
शंखांची पिशवी घेऊन परवा परतली,
आणि घरच्याच हवेनं तिला ओळखलं नाही.

बोटावरचं यंत्र अठ्ठावन्न म्हणतं.
ऑक्सिजन चालूच आहे. मी दुसरा सिलिंडर ओढत आणते,
गाड्याचं एक चाक गेलंय, लंगडतो.

"यात काय?" सिप्रियान विचारतो.
बाप. खाणीत सुरुंग उडवतो.
नायट्रिक ऑक्साइड, मी सांगते.
तो माझं मनगट धरतो. घट्ट.
"स्फोटानंतरच्या धुरात हाच असतो.
धूर विरेपर्यंत आम्ही बोगद्यात पाऊल टाकत नाही.
माझ्या भावानं टाकलं होतं."

काय सांगू त्याला?
भ्यायलेल्या पोरानं मूठ आवळावी
तशा आवळल्यात तिच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या,
हा वायू जवळ जाऊन एवढंच म्हणतो: सोड.

"किती देणार?"
दहा लाखांत वीस.
तो बोटांवर मोजू पाहतो, अंगठा अडखळतो.
मग मनगट सोडतो.

चौसष्ट. एकाहत्तर. पुन्हा एकोणसत्तर.
पत्र्यावर गारा. कुणी बोलत नाही.
पहाटे एक्याऐंशी.

एदित मास्क जरा सरकवून विचारते,
शंख फुटले नाहीत ना?
बाप पिशवीत हात घालतो,
एक काढून स्वतःच्याच कानाला लावतो,
कितीतरी वेळ.
समुद्र त्यानं कधी पाहिलेला नाही.